एका नावाच्या दोघी

माझी मुलगी जन्मायच्या कितीतरी आधीपासून आमच्या घरात एक मेनूर होती. ती काळी होती, लोखंडाची होती, मागे दोन्ही अंगांना बांबूच्या मोठ्या पाट्या होत्या, आणि माझ्या बापाकचा सगळा जीव तिच्यात होता. बापाक म्हणजे माझे वडील, रेसोदिनोमो. गाव त्यांना म्बाह रेसो म्हणतं, रेसोआजोबा. मी आज सांगतेय ते आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशीही नाही. तो जहाजावर इंजिनं दुरुस्त करतो, त्याला असलं काही सांगितलं की पोट धरून हसतो. हसू दे मेला.

आमचं गाव कुंभारांचं. जोगजा शहर इथून दोन तासांवर, सायकलने, तीही लादलेल्या. पूर्वी पहाटे पहाटे तीसेक सायकली मडकी घेऊन एका रांगेत निघायच्या आणि प्रत्येकीला नाव असायचं. बिननावाची सायकल घरात ठेवू नये, असं आमच्याकडे मानतात. रिकाम्या घरात कुणीही येऊन राहतं ना, तसं बिननावाच्या वस्तूत कुणीही शिरून बसतं. एकाने आपल्या सायकलीचं नाव सासूबाई ठेवलं होतं, कारण ती चढावर कुरकुरायची. त्याची खरी सासू शेजारीच राहायची आणि रोज ऐकायची, बिचारी. वेल्डिंगवाल्या कांग मुगियोच्या, म्हणजे मुगियोदादाच्या, दुकानात दुरुस्तीला आलेल्या सायकलींवर तो खडूने नाव लिहायचा, सायकलीचं, मालकाचं नाही. मालक कोण ते सगळ्यांना माहीतच असायचं.

पण बापाकचं जरा जास्तच होतं. त्यांनी ती लग्नाच्या वर्षी एका म्हाताऱ्या शिक्षकाकडून आणली. शिक्षकाच्या अंगणात ती मेनूरच्या झुडपाखाली उभी असायची. मेनूर म्हणजे मोगराच. घरी आणल्यावर बघतात तर कॅरियरवर, मडगार्डवर, सगळीकडे फुलं अडकलेली. झालं, तीच मेनूर. तेवढ्यावर थांबावं ना? नाही. जोगजाच्या राजवाड्यात सुलतानाच्या खंजिरांना, रथांना मानाची नावं असतात, तसं यांनी पुढे ‘न्याई’ लावलं, आपण बाईसाहेब म्हणू तसं. न्याई मेनूर! लोक हसले तर म्हणाले, “सुलतानाचा रथ वर्षातून एकदा बाहेर पडतो. माझी रोज वीस मडकी वाहते. मग बाईसाहेब कोण?”

दर पस्तीस दिवसांनी, शुक्रवार आणि आमच्या पाच दिवसांच्या बाजारचक्रातला क्लिवोनचा बाजार एका दिवशी आले की, ते तिला फुलांच्या पाण्याने धुवायचे. माझी आई गेली तेव्हा मी बारा वर्षांची. माझ्या डोक्यात उवा झाल्या होत्या त्या शेजारणीने काढल्या, पण न्याई मेनूरच्या चेनला एक दिवस तेल चुकलं नाही. हे मी रागाने सांगतेय. अजून राग आहे.

आता माझ्या लेकीचं. माझे दिवस भरले तेव्हा नवरा समुद्रावर. कळा सुरू झाल्या भर दुपारी. बापाकनी पाट्या उतरवल्या, कॅरियरवर घोंगडी टाकली, मला बसवलं आणि सुटले. “धर घट्ट! मेनूर, चल गं बाई, चल!” असं सायकलीशी बोलत तीन कोस. मी मागे कळवळतेय, तर त्यांना सायकलीची काळजी, “खड्डा आला गं, सांभाळ.” मला म्हणत होते की तिला, देवच जाणे. सरकारी सुइणीच्या दारात पोचलो आणि पाऊण तासात मुलगी झाली.

पाचव्या दिवशी नाव ठेवतात. तांबडी आणि पांढरी खीर शिजवली, शेजारपाजार जमला, आणि बापाकनी मला न विचारता सांगून टाकलं, “नाव मेनूर.” मी आतून ओरडले, “बापाक! सायकलीचं नाव?” तर म्हणाले, “तिच्यामुळे आली ना जगात? तिचंच नाव.”

म्हातारी म्बाह तुमिराह, आजीलाही आमच्याकडे म्बाहच म्हणतात, तिथेच बसली होती. तिने पूर्वी गावातली निम्मी पोरं आपल्या हातांनी जन्माला आणलीत आणि उरलेल्या निम्म्यांची पोटं चोळलीत. ती खीर खाता खाता थांबली. “रेसो,” म्हणाली, “त्या नावावर तीस वर्षांचं ओझं वाहिलेलं आहे. लेकरू पाच दिवसांचं आहे. पेलेल का त्याला?”

आमच्याकडे नाव जड होतं. मूल सारखं आजारी पडायला लागलं की म्हणतात, नाव पेलत नाही याला, आणि दुसरं हलकं नाव ठेवतात. मी शाळा शिकलेली, मी तोंड वेंगाडलं. बापाक हसले, पण त्या दिवशी त्यांनी खीर अर्धीच खाल्ली, हे मी पाहिलं होतं.

चार वर्षं काही झालं नाही. माझी मेनूर गोल, काळीसावळी, वटवट करणारी. लोखंडाच्या मेनूरच्या पाटीत बसून घंटी वाजवायची आणि हाका मारायची, “मेनूर, ए मेनूर, मी मेनूर!” मला हसू यायचं. बापाकना कौतुक.

मग तो बुधवार. बापाक बाजारातून दुपारीच परतले, पायी, सायकल ढकलत, पाट्या तशाच भरलेल्या. मडकी विकली नव्हती. मी म्हटलं, “काय हो? टायर बसला?” म्हणाले, “नाही. ऊन फार होतं.” बासष्ट वर्षांत या माणसाला कधी ऊन लागलं नव्हतं. हँडलच्या खाली, दांडा मिळतो तिथे, पुसायचं फडकं गुंडाळून बांधलेलं होतं. मी पाहिलं आणि विसरले, कारण आतून पोरगी म्हणाली, “आई, माझं डोकं गरम झालंय.”

हात लावला तर चटका बसला. मी मागे वळून म्हटलं, “बापाक, मेनूरला ताप आलाय.” ते दारात उभे होते. त्यांचा चेहरा एकदम मातीसारखा झाला. म्हातारपण आलं वाटतं, एवढंच माझ्या मनात आलं.

तीन दिवस ताप उतरेना. आरोग्य केंद्रातली औषधं झाली, ओल्या पट्ट्या झाल्या, गुलाबी पेरूचा रस झाला. चौथ्या दिवशी सकाळी तिच्या हातांवर बारीक लाल ठिपके दिसले. त्या पावसाळ्यात शेजारच्या वाडीत असेच ठिपके उठलेली दोन मुलं दगावली होती. मी तिला उचललं आणि भाड्याच्या गाडीतून जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होती, तोंडात खोटं गोड नव्हतं. म्हणाली, “डासाचा ताप आहे. रक्तातल्या पेशी कमी होतायत. रोज मोजू. पाणी पाजत राहा. आणि ताप उतरला की खूश होऊ नका, मला हाक मारा.”

मला ते कळलंच नाही. ताप उतरला की खूश व्हायचं नाही तर कधी व्हायचं?

बापाक दवाखान्यात आले नाहीत. सगळ्यांचे आजोबा येत होते, केळी आणत होते, खाटेच्या दांडीला धरून उभे राहत होते. माझी पोरगी ग्लानीत “कुंग, कुंग” करत होती. आजोबांना ती कुंग म्हणते. म्बाह तुमिराह मात्र आली, आपली चटई घेऊन, खाटेखाली बसून राहिली. मी तिला म्हटलं, “सख्खा आजोबा फिरकत नाही बघा. सायकल पुसत बसला असेल.” ती उठून पोरीची पावलं चोळायला लागली.

पाचव्या दिवशी सकाळी पेशी आणखी उतरल्या. मला कपडे आणायला घरी जायचं होतं. मनात ठरवलं होतं, म्हाताऱ्याला चांगलं फैलावर घ्यायचं.

अंगणात गेले आणि थबकले. चटई अंथरलेली होती. चटईवर सायकल आडवी निजवलेली, आणि तिच्यावर माझ्या आईची बाटिकची शाल पांघरलेली. बापाक उकिडवे बसून हँडलवर ओली पट्टी ठेवत होते. पट्टी, लोखंडाला! तोंडाने पुटपुटत होते, “उतरेल हं, उतरेल. थोडं सोस.” अंगणात उदाचा वास होता.  म्हातारा वेडा झाला, असंच वाटलं.

“बापाक!”

त्यांनी वर पाहिलं. डोळे सुजलेले. “लास्मिनी,” म्हणाले, “गेली का?”

“कोण गेली? काय बोलताय काय? पोरगी तिकडे तळमळतेय, तुमच्या नावाने हाका मारतेय, आणि तुम्ही इथे...”

“ये इकडे. बघ.” त्यांनी ते फडकं सोडलं. हँडलखाली, दांड्याच्या सांध्यावर, चीर होती. अर्ध्याहून जास्त दांडा फाकलेला. “बुधवारी. पुलाजवळच्या खड्ड्यात. कट् असा आवाज आला. मी तसाच उतरलो. घरी आलो, आणि तू म्हणालीस मेनूरला ताप आलाय.” त्यांनी चिरेवर बोट ठेवलं. “मी कुणाला दाखवलं नाही. रोज बघतोय. रोज थोडी वाढतेय चीर. मी हलवतसुद्धा नाही तिला, तरी वाढतेय. मी तिकडे आलो आणि इथे ही तुटली तर?”

मला काय झालं सांगू? माझ्या हातात कोपऱ्यातला हातोडा आला, वाळलेली माती फोडायचा. मी तो उचलला. “हिच्यामुळे? या भंगारामुळे माझी पोर एकटी पडलीय? आत्ता तुकडे करते हिचे! संपवते एकदाची!”

बापाक ओरडले नाहीत. नुसते सायकलीवर आडवे झाले, शालीसकट.

आणि माझा हात खाली येईना. मी मनात म्हणत होते, लोखंड आहे, डास चावलाय, पेशी कमी झाल्यात, कागदावर आकडा लिहिलाय. सगळं बरोबर म्हणत होते. पण तोंडात नाव एकच येत होतं. मेनूरला मारू? कुठल्या मेनूरला?  हातोडा मी हळूच, अगदी आवाज न करता, जमिनीवर ठेवला.

“उठा,” म्हटलं. “मुगियोकडे नेऊ. मी मागून उचलते.”

कपडे राहिले घरात. आम्ही दोघांनी ती सायकल चाकं जमिनीला न लावता उचलून नेली, बापाक पुढून, मी मागून. रस्त्यात कुणीतरी विचारलं, “काय म्बाह, मयत कुणाची?” बापाक मटकन खालीच बसले. मी त्या माणसाच्या सात पिढ्या काढल्या तिथेच.

कांग मुगियो तेव्हा तिशीतला, तोंडात कायम सिगरेट. त्याने चीर पाहिली आणि शीळ घातली. “अहो, यावर तुम्ही मडकी वाहिलीत? चला, सांधतो. बाजूला व्हा, डोळे जातील.”

“हळू हात लाव,” बापाक म्हणाले.

“म्बाह, लोखंड आहे. ओरडणार नाही.”

ठिणग्या उडाल्या. बापाकनी कानांवर हात ठेवले, डोळ्यांवर नाही. सांधा लालभडक झाला, मग पिवळट. मग कान सोडून ते माझा दंड घट्ट पकडून म्हणायला लागले, “फार तापवतोय गं. फार तापवतोय. तिकडे तिला...” मी म्हटलं, “गप्प बसा हो,” पण मलाही तेच दिसत होतं. तिकडे ताप एकशे चारवर होता.

मुगियोने नळी बंद केली. “झालं. आता हात नाही लावायचा, पाणी नाही, काही नाही. आपोआप निवू दे. घाईने थंड केलं की आतून तडकतं.” एवढं सांगून तो सिगरेट पेटवायला वळला.

बापाकच्या कमरेला बाटली होती. फुलांचं पाणी, धुण्याचं. मला कळायच्या आत त्यांनी ती लाल सांध्यावर उपडी केली. फस्स्स करून वाफ उठली आणि लोखंड एका क्षणात काळं पडलं.

“अरे काय केलंत!” मुगियो किंचाळला. “सांगितलं ना आत्ता! या म्हाताऱ्याला कुणी धरा रे!”

“निवली,” बापाक म्हणाले. हसत होते. पाच दिवसांत पहिल्यांदा. “ताप उतरला बघ.”

आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. बापाक माझ्या पुढे पळत होते. म्बाह तुमिराह दारातच भेटली, तिचाही चेहरा उजळलेला. “उतरला गं! तासाभरापूर्वी उतरला. शांत झोपलीय.” बापाकनी दोन्ही हात वर करून अल्लाचे आभार मानले आणि वॉर्डभर सांगत सुटले, माझी नात बरी झाली, माझी नात बरी झाली. कुणाच्या हातातली केळी घेऊन कुणाला वाटली. मीसुद्धा रडत हसत होते. डॉक्टरीणबाईचं वाक्य मला आठवायला हवं होतं. आठवलं नाही.

मी मेनूरच्या पायाला हात लावला. गार. पाण्यातून काढल्यासारखा गार आणि ओलसर. दुसरा पाय तसाच. हात तसेच. ओठ निळसर. हाक मारली तर पापणी हलली, उघडली नाही.

“नर्सबाई!”

नर्सने मनगट धरलं, आणि मी तिच्या तोंडाकडे पाहत होते, म्हणून तिचा चेहरा उतरलेला मला दिसला. ती पळाली. मग चौघं पाचजण आले, डॉक्टरीणबाई आली, मला ढकलून मागे केलं. सुई, बाटली, दुसरी बाटली. “दाब लागत नाही.” “पुन्हा बघ.” “नाडी फार बारीक आहे.” हे शब्द ऐकत मी भिंतीला टेकून उभी होते.  आयुष्यात इतकी भीती मला पुन्हा कधी वाटली नाही, आणि कुणाला वाटू नये.

शेजारी बापाक उभे होते. त्यांच्या हातात ती रिकामी बाटली होती. “मी पाणी ओतलं,” म्हणत होते. “लास्मिनी, मी पाणी ओतलं. त्याने नको सांगितलं होतं. मी ओतलं.”

 नाही हो बापाक, तसं नसतं, असं मी म्हणायला हवं होतं. पण मलाही तेच वाटत होतं ना! शिकलेली मी, मला त्या क्षणी कुणी कुराणावर हात ठेवून विचारलं असतं तरी मी हेच सांगितलं असतं, की याने पाणी ओतलं म्हणून माझी पोर गार पडली.

म्बाह तुमिराहने त्यांना बाकावर बसवलं. “रेसो, ऐक. एका नावाच्या दोघी झाल्या. जे एकीवर येतं ते दुसरीवर जातं. एकीचं नाव काढ. पोरीचं काढ, सोपं असतं, खीर करून दुसरं हलकं नाव ठेव.”

बापाकनी खाटेभोवती ओढलेल्या पडद्याकडे पाहिलं. आत बायका पळत होत्या. मग म्हणाले, “ती आत्ता कुठे गेलीय ते मला माहीत नाही, म्बाह. पण तिला परत बोलवायची तर मेनूर म्हणूनच बोलवावी लागेल. नवं नाव तिने ऐकलेलंच नाही. ती वळणार कशी?” आणि ते उठून गेले. मला वाटलं, पळाले. मी मनात त्यांना शाप दिला, खोटं कशाला बोलू.

तो दिवस, ती रात्र, मला काही आठवत नाही. बाटल्या मोजत होते. उजाडलं तेव्हा ती अजून होती, एवढंच.

सकाळी आठच्या सुमाराला बापाक आले. तीच मळकी बनियन, हातात केळीच्या पानात तांबडी आणि पांढरी खीर. स्वतः शिजवलेली, करपल्याचा वास येत होता. ती त्यांनी खाटेच्या पायाशी ठेवली. “काढलं,” म्हणाले.

“कुणाचं?”

“तिचं. पंचवीस शेजाऱ्यांना सकाळी बोलावलं, सांगितलं, आजपासून ही सायकल न्याई मेनूर नाही. कुणी त्या नावाने तिला बोलवायचं नाही. मेनूर एकच.” मग वाकले आणि पोरीच्या कानाशी तोंड नेऊन त्यांनी हाक मारली. हळू नाही, चढावर सायकलीला मारायचे तशी, खणखणीत. “मेनूर! चल गं बाई, चल!”

अख्खा वॉर्ड दचकला. नर्स धावत आली ओरडायला, आणि तिने चादर उचलली तर ओली. ती किंचाळलीच, आनंदाने. “लघवी झाली! डॉक्टर, लघवी झाली हिला!” आम्हाला काय माहीत, त्या आजारात लघवी झाली म्हणजे जीव परत फिरला असं धरतात. पाय चाचपले. कोमट होते. मी तिथेच जमिनीवर बसले आणि मोठ्याने भोकाड पसरलं, आणि बापाक त्या ओल्या चादरीचा कोपरा डोळ्यांना लावत होते. किती घाण माणूस!

आठवड्याने आम्ही घरी आलो. सायकल शेडमध्ये होती. मेनूर तिला “मेनूर” म्हणायला गेली तर बापाकनी तिच्या तोंडावर हात ठेवला. “ती गेली गावाला. ही वेगळी आहे.”

“हिचं नाव काय मग?”

“आहे एक,” म्हणाले, आणि चेनला तेल घालत बसले. मी लक्ष दिलं नाही.

चार महिन्यांनी मी बांधावर गवत कापत होते. खालून बापाक येत होते, पाट्या भरलेल्या, चढ लागलेला. ओळखीचा खणखणीत आवाज आला, “चल रे पोनिजान! चल, गड्या!”

माझा विळा थांबला.

पोनिजान हे नाव मी एकदाच ऐकलं होतं. लहानपणी, आई त्यांना चिडवत होती तेव्हा. आमच्याकडे पुरुष लग्नाच्या दिवशी पोरवयाचं नाव सोडतो आणि मोठेपणाचं घेतो. रेसोदिनोमो लग्नानंतरचे. त्याआधी, पोनच्या बाजारादिवशी जन्मलेलं एक पोर होतं, त्याचं नाव पोनिजान. बापाकनी सायकलीला स्वतःचं नाव दिलं होतं. त्या पाणी पडलेल्या, आतून तडकलेला असेल अशा सांध्याच्या सायकलीला.

मी बांधावरून उडीच मारली. “बापाक! हे काय करून ठेवलंत?”

“काय केलं?”

“मला शिकवू नका. पोनिजान कोण ते मला माहीत आहे.”

ते उतरले, धाप टाकत. “नाव मोकळंच पडलं होतं गं. आणि बिननावाची कशी ठेवू घरात? दुसऱ्या कुणाचं दिलं असतं तर त्याच्यावर गेलं असतं.”

“आणि तुमच्यावर गेलं तर? उद्या तो सांधा तुटला तर?”

“तुटला तर तुटला. म्हाताऱ्या लोखंडाबरोबर म्हातारा जाईल. तुला आम्हा दोघांच्या मागचं जेवण एकदाच घालावं लागेल, तेवढंच सोपं.” आणि हसले हो! मला त्यांचं तोंड थोबाडीत मारून लाल करावंसं वाटलं, आणि पाय धरावेसे वाटले. दोन्ही केलं नाही. मागून सायकल ढकलायला लागले.

या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली. मेनूर आता तेवीसची आहे, आरोग्य केंद्रात रक्त तपासते. ती सांगते, “आई, डास होता तो. आणि सलाईन वेळेवर मिळालं म्हणून मी वाचले.” मी म्हणते, “हो बाई, माहीत आहे मला.” माहीत आहेच. पण त्या दिवसापासून रोज सकाळी, बापाक उठायच्या आधी, मी शेडमध्ये जाते आणि तो सांधा बोटाने चाचपते. भंगारवाला गल्लीत आला की फाटक लावून घेते. शेजारच्या पोरांना त्या सायकलीला हात लावू देत नाही. म्हणतात, लास्मिनीकाकी म्हाताऱ्यापेक्षा खाष्ट.

बापाक आता मडकी नेत नाहीत. एक्याऐंशी झालं. सकाळी गावात एक फेरी मारतात, रिकाम्या पाट्या घेऊन, सगळ्यांना घंटी वाजवून.

परवा मंगळवारी माझ्या बोटाला काहीतरी लागलं. केसाएवढं. मी फडक्याने पुसलं, पुन्हा पाहिलं. सांध्याच्या कडेला चीर होती. आतून बापाकचा खोकला ऐकू येत होता, दोन दिवसांपासूनचा, साधाच, पावसाळ्यात येतो तसा. मी तेच फडकं त्या सांध्याभोवती गुंडाळून गाठ मारली. गाठ मारून झाल्यावर मला कळलं, मी काय केलं ते.

मी त्यांना सांगितलं, सायकलीला ब्रेक बसवून आणते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग फडक्याकडे पाहिलं. “बरं,” म्हणाले. “खड्डे बघून ने.”

रस्ताभर मी ती ढकलत नेली, एकेक खडा चुकवत. कांग मुगियोचे केस पांढरे झालेत, सिगरेट तीच. दुकानापुढे सात-आठ सायकली उभ्या होत्या, प्रत्येकीवर खडूने नाव. त्याने खडू उचलला. “नाव काय हिचं आता?”

“पोनिजान.”

त्याने लिहिलं. मग गाठ सोडून चीर बघितली आणि नळी हातात घेतली. मी त्याचा हात धरला. “हळू हं, कांग. आणि निवायला लागेल तेवढा वेळ लागू दे. मी बसते इथेच. एक्याऐंशी वर्षांचे आहेत.”

मुगियोने एकदा माझ्याकडे पाहिलं. यावेळी तो लोखंड वगैरे काही म्हणाला नाही. त्याने तोंडातली सिगरेट काढून खाली टाकली, विझवली, आणि ज्योत अगदी बारीक केली.